एप्रिल-मेमध्ये उत्तर युरोपला जाताना कपडे कसे भरावेत: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

उन्हाळी सुट्टीत डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंडकडे जाणाऱ्यांच्या बॅगांमध्ये त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एक जाडजूड कोट, त्याच्या आत घालायला सुती टी-शर्ट, तीन-तीन जीन्स, पावसासाठी काहीच नाही आणि बूट निघायच्या आठवड्यात घेतलेले. बॅग भरताना डोक्यात बर्फ असतो. तिथल्या वसंतात माणसाला खरा त्रास होतो तो वाऱ्याचा, बारीक पावसाचा आणि दिवसातून दहा वेळा गरम खोलीतून गार रस्त्यावर जा-ये करण्याचा.

दुसरी चूक क्रमाची. बहुतेक जण कपाट उघडून रोजचे कपडे आधी काढतात आणि उरलेल्या जागेत गरम कपडे कोंबतात. क्रम उलटा हवा: आधी बाहेरचं जर्किन आणि बूट, मग आतले गरम कपडे, रोजचे कपडे सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

१. आधी गाव आणि तारीख पक्की करा

'युरोपात थंडी किती?' या प्रश्नाला उत्तर नाही. कोपनहेगनला एप्रिलमध्ये दुपारी साधारण १० ते १२ अंश आणि पहाटे ३-४ अंश असतात. स्टॉकहोम, ऑस्लो, हेलसिंकीला एप्रिलच्या पहाटे पारा शून्याजवळ येतो. मे उजाडला की हीच शहरं दुपारी १५-१६ अंशांवर जातात. आपल्याकडे जानेवारीत रंकाळ्यावर फिरायला जाणारी माणसं स्वेटर आणि कानटोपी घालतात, तेव्हा १४-१५ अंश असतात. तिथली मेमधली चांगली दुपार ती एवढीच. एप्रिलची पहाट त्याहून बरीच खाली.

बर्गन हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर पावसाचं आहे. तिथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. आइसलंडमध्ये मेमध्येही दुपार १० अंशांच्या आसपास असते आणि वारा जोराचा. उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो किंवा फिनलंडचा लॅपलँड प्रदेश असेल, तर एप्रिलमध्ये जमिनीवर बर्फ असतो आणि तिथली तयारी वेगळी. त्याबद्दल बुटांच्या टप्प्यात सांगतो.

वाऱ्याचा हिशेब मात्र प्रत्येकाने करावा. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असला, तर उघड्या चेहऱ्याला ते शून्य अंशासारखं लागतं. तिकडच्या हवामानाच्या साइटवर वारा 'मीटर प्रति सेकंद' मध्ये देतात. त्या आकड्याला ३.६ ने गुणा: ८ दिसलं म्हणजे ताशी जवळपास २९ किलोमीटर. नॉर्वेच्या हवामान संस्थेची 'यर' (Yr) ही मोफत सेवा सगळ्या शहरांचा अंदाज देते. निघायच्या दहा दिवस आधीपासून रोज बघत जा आणि तापमानाबरोबर वारा व पाऊसही वाचा.

तपासा: प्रत्येक मुक्कामापुढे तीन गोष्टी लिहून झाल्या का? पहाटेचं तापमान, वारा, पाऊस. हा कागद हातात नसेल तर खरेदीला जाऊ नका.

२. बाहेरचं जर्किन: वारा आणि पाणी अडवणारं

सगळ्यात जास्त पैसे आणि विचार इथे घाला. या जर्किनचं काम ऊब देणं हे नाही. वारा आणि पाणी बाहेर ठेवणं एवढंच. ऊब आतल्या कपड्यांतून येते. त्यामुळे ते पातळ असलं तरी चालतं, उलट पातळच बरं.

घेताना चार गोष्टी बघा. लेबलवर पाणी रोखण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये दिलेली असते: शहरात फिरायला ५,००० पुरे, बर्गन किंवा आइसलंडसाठी १०,००० घ्या. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या हव्यात, कारण पाणी शिवणीतूनच शिरतं. टोपी जोडलेली हवी आणि तिला दोरी हवी, नाहीतर पहिल्या झोतात ती मागे उडते. आणि लांबी कमरेच्या खाली, बसल्यावर पाठ उघडी पडणार नाही अशी.

माप घेताना आत एक स्वेटर आणि एक पातळ जाकीट घालून दोन्ही हात वर करा. काखेत ताण आला तर एक माप मोठं घ्या. दुकानात शर्टावर घालून 'बसलं' म्हणून घेतलेलं जर्किन तिथे आत स्वेटर घातला की चेनच लागत नाही. ही चूक फार जण करतात.

आपला पावसाळी रेनकोट चालेल का, हे प्रत्येक जण विचारतो. जूनमध्ये मोटरसायकलवर घालायचा रबरी रेनकोट पाणी अडवतो, पण आतली वाफ बाहेर सोडत नाही. तासभर चाललं की आतून अंग ओलं होतं आणि ५ अंशांत ओलं अंग म्हणजे हुडहुडी. लहान मुलांसाठी रेनकोटची विजार मात्र जरूर न्या. बसायला, खेळायला तिचा फार उपयोग होतो.

छत्रीवर भिस्त ठेवू नका. किनाऱ्यावरच्या शहरांत वारा तिला उलटी करतो.

थांबा: लोकरीचा लांब ओव्हरकोट उसना मिळतोय म्हणून नेऊ नका. तो दीड-दोन किलोचा असतो, भिजला की आणखी जड होतो आणि हॉटेलच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही.

३. बूट: निघायच्या महिनाभर आधी

तिकडे चालणं भरपूर होतं. स्टॉकहोमची जुनी वस्ती गामला स्तान, एस्टोनियाची राजधानी टालिनचं जुनं शहर इथले रस्ते दगडी फरसांचे आणि ओले असले की निसरडे. हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून फुटपाथवर टाकलेली बारीक खडी एप्रिलमध्ये अजून झाडून काढत असतात, ती सपाट तळव्याच्या बुटाखाली घरंगळते. म्हणून तळाला खोल नक्षी असलेला, पाणी न शिरणारा, चालायचा बंद बूट घ्या. रंग काळा किंवा करडा घेतला तर संध्याकाळच्या जेवणालाही तोच चालतो आणि दुसरा जोड वाचतो.

बूट घ्यायला जाताना जाड मोजे घालून जा, आणि संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठा हलला पाहिजे. घट्ट बुटात जाड मोजा घातला की पायाचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि पाय आणखी गार पडतात.

मग ते बूट वापरायला काढा. रोज संध्याकाळी रंकाळ्याची फेरी मारा, एखाद्या रविवारी जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या चढावर घालून जा. टाच कुठे घासते ते इथेच कळू दे. एप्रिलच्या उकाड्यात बंद बूट नकोसे वाटतात हे खरं, पण परदेशात दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला तर पुढची सगळी सहल लंगडत होते.

कोल्हापुरी चप्पल इथेच ठेवा. कातडी तळ ओल्यात फुगतो आणि ती चप्पल पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. खोलीत वापरायला रबरी स्लीपर न्या. तिकडे कोणाच्या घरी गेलात तर आपल्यासारखेच बूट दाराशी काढतात, त्यामुळे मोजे फाटके नकोत.

बर्फाच्या भागात जाणार असाल तर घोट्याच्या वर जाणारे, आतून अस्तराचे बूट लागतात. त्या जड बुटांची गरज फक्त दोन-चार दिवस असेल, तर सहल घेऊन जाणाऱ्यांना विचारा. उत्तरेकडच्या अनेक सहलींमध्ये बूट आणि जाड अंगरखा भाड्याने मिळतो.

४. आतले दोन थर

पहिला थर अंगाला चिकटून: थर्मल, म्हणजे आपण ज्याला इनर म्हणतो ते. हा सुती नको. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. चालून थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब खेचून घेतं. मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा इनर घ्या. मेरिनो महाग असतो, पण त्याला घामाचा वास लवकर धरत नाही. तीन दिवस सलग घालून रात्री नुसता हवेवर टाकला तरी चालतो. बाजारात 'थर्मल' म्हणून विकले जाणारे बरेच संच सुती मिश्रणाचे असतात, म्हणून आतली चिठ्ठी वाचल्याशिवाय घेऊ नका.

दुसरा थर ऊब धरणारा: फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं) जाकीट किंवा लोकरी स्वेटर, आणि जोडीला एक पातळ, घडी करून पिशवीत मावणारं फुगीर जाकीट. फुगीर जाकिटात पक्ष्यांची पिसं असतील तर ती भिजल्यावर ऊब देत नाहीत. पावसाळी शहरांसाठी कृत्रिम भरणीचं घ्या.

एका जाड कोटाऐवजी तीन पातळ कपडे का, याचं कारण तिथल्या इमारतींत आहे. दुकानं, संग्रहालयं, आगगाड्या आतून २०-२२ अंशांवर गरम ठेवलेल्या असतात. जाड कोटवाला आत गेला की घामाघूम होतो, कोट काढला तर खाली नुसता टी-शर्ट, आणि तो कोट दिवसभर हातात वागवावा लागतो. थर असले की आत शिरताना एक काढायचा, पिशवीत टाकायचा.

याच कारणाने चेन असलेला कपडा डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा सोयीचा. थर्मलची विजार रोज घालू नका. ती बसमध्ये किंवा संग्रहालयात काढता येत नाही आणि चार तास उकडत राहतं. बोटीच्या डेकवर उभं राहायचं असेल, फ्योर्डची (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीची) सफर असेल, पहाटे निघायचं असेल, त्या दिवशी घाला.

हे सगळं घ्यायचं कधी? डिसेंबर-जानेवारीत. मार्च उजाडला की महाद्वार रोड, राजारामपुरीतल्या दुकानांत सुती माल बाहेर येतो आणि गरम कपडे माळ्यावर जातात. हंगाम हुकला असेल तर व्हिसाच्या कामासाठी मुंबई-पुण्याला जाणं होतंच, त्या फेरीत खेळाच्या साहित्याच्या मोठ्या दुकानातून घ्या. ऑनलाइन मागवलंत तर बदलून घ्यायला पंधरा दिवस हातात ठेवा.

'तिथेच घेऊ' हा विचार सोडून द्या. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेत विक्रीकर २५ टक्के आहे, आणि नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री ऑस्लोला उतरलात तर सोमवार उजाडेपर्यंत जे अंगावर आहे तेच.

तपासा: इनर, फ्लीस, फुगीर जाकीट आणि बाहेरचं जर्किन एकावर एक घाला. चेन गळ्यापर्यंत लागते का? हात पुढे घेऊन बुटाची नाडी बांधता येते का?

५. डोकं, कान, मान, हात

या छोट्या गोष्टींना वजन नसतं आणि त्यांच्याविना बाकीचं सगळं अपुरं पडतं. कान झाकणारी लोकरी टोपी, मफलर आणि हातमोजे प्रत्येकाला एक. मुलांना हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक हरवतोच. हातमोजे पातळ आणि मोबाइल चालवता येईल असे घ्या. जाड हातमोजे फोटोसाठी दर पाच मिनिटांनी काढावे लागतात. मोज्यांचे पाच जोड पुरतात, त्यातले दोन लोकरी.

मेमध्ये हेलसिंकी-स्टॉकहोमला रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे चार-पाचला पुन्हा उजाडतं. झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी ठेवा.

६. साडी नेसणाऱ्या आई-आजींसाठी

या बाबतीत बहुतेक घरांत दोनच पर्याय पुढे येतात: 'आई, तू पँट घाल' किंवा 'तू शाल घे, भागेल'. पहिल्याने त्या अवघडतात आणि दुसऱ्याने गारठतात. साडीत व्यवस्थित फिरता येतं, फक्त तयारी वेगळी करावी लागते.

परकराच्या आत थर्मलची विजार, आणि त्यावर पायघोळ नसलेला साटीनचा परकर. सुती परकर विजारीला चिकटून वर चढतो आणि चालताना पायात येतो. साडी सिंथेटिक, जॉर्जेटसारखी, तासाभरात वाळणारी. सुती किंवा जरीकाठाची साडी नको: खालचा काठ एकदा ओला झाला की पाणी वर चढत जातं आणि पोटऱ्या गार पडतात. साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर, घोट्याच्या वर नेसा. निऱ्यांना दोन पिना लावा, वाऱ्यात त्या सुटतात.

ब्लाऊजच्या जागी पूर्ण बाह्यांचा, गळाबंद, गडद रंगाचा लोकरी किंवा पॉलिएस्टरचा टॉप घाला. हाच इनर आणि हाच ब्लाऊज. पदर आत खोचून वर फ्लीस आणि मांडीपर्यंत लांब जर्किन. पदर बाहेर ठेवला तर वारा त्याला धरतो, शिवाय सरकत्या जिन्यात अडकण्याचा धोका असतो.

पायात बूटच. अंगठ्याचे मोजे आणि वर चप्पल हा जोड इथल्या देवळाच्या फरशीला ठीक, ५ अंशांच्या ओल्या दगडाला नाही. आईंना बुटांची सवय नसेल तर नाडीऐवजी चिकटपट्टीचे घ्या आणि चालण्याचा सराव दीड महिना आधी सुरू करा. घरातल्या घरात रोज अर्धा तास घातले तरी पाय सरावतो.

नऊवारी नेसणाऱ्यांना एक फायदा आहे, पाय मोकळे राहतात. आत पोटरीभर लोकरी मोजे आणि थर्मल विजार घातली की पुरे. पंजाबी ड्रेस असेल तर घेरदार सलवारीऐवजी चुडीदार किंवा लेगिंग, आणि ओढणीऐवजी मफलर.

७. रोजचे कपडे: दिवसांवरून मोजू नका

दहा-बारा दिवसांसाठी दहा-बारा जोड भरणं ही सवय उन्हाळ्याच्या गावांची. तिथे घाम कमी येतो आणि फोटोत दिसतं ते बहुधा जर्किनच. एका मोठ्या माणसाला पुरतं ते एवढं:

इनरचे दोन टॉप, थर्मल विजार एक (वयस्कांना दोन), पूर्ण बाह्यांचे चार शर्ट किंवा टॉप, दोन पँट, रात्रीचा एक जोड, आतले कपडे सहा-सात, एक बरा ड्रेस. पोहण्याचा पोशाखही टाका. आइसलंडचे गरम पाण्याचे तलाव आणि स्त्री-पुरुष एकत्र बसतात अशा बऱ्याच सौनांमध्ये (गरम वाफेच्या खोल्यांमध्ये) तो लागतो.

जीन्स जास्तीत जास्त एक. भिजली की ती दिवसभर मांडीला गार फडक्यासारखी लागते. पटकन वाळणारी ट्रेकिंगची पँट घ्या.

धुणं रात्री खोलीतच उरका. इनर आणि मोजे बेसिनमध्ये धुऊन, कोरड्या टॉवेलात गुंडाळून घट्ट पिळा आणि न्हाणीघरात टांगा. पॉलिएस्टरचा कपडा सकाळपर्यंत बहुधा वाळतो. लोकरी कपडा मात्र पिळू नका आणि गरम पाण्यात घालू नका, आटतो.

८. घरी तालीम

निघायच्या दोन आठवडे आधी ही तालीम घ्या. एसीच्या खोलीत पूर्ण संच घालून दहा मिनिटं वावरा: खाली बसा, पिशवी पाठीला लावा, खिशातून पासपोर्ट काढा. मग जर्किन घालून, डोक्यावर टोपी ओढून न्हाणीघरात शॉवरखाली दोन मिनिटं उभे राहा. खांदे आणि चेनच्या कडा आतून कोरड्या राहिल्या पाहिजेत. मोजे-बूट घालून थोडं पाणी असलेल्या घमेल्यात पाच मिनिटं उभे राहा. मोजा ओला झाला तर 'वॉटरप्रूफ' ही फक्त चिठ्ठी होती. बदलून घ्यायला अजून वेळ आहे.

९. वजन आणि भरणी

तिकीट नीट वाचा. आंतरराष्ट्रीय उड्डाणात बऱ्याचदा २३ किलोची बॅग चालते, पण देशांतर्गत उड्डाणात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं एवढीच मुभा असते. उजळाईवाडीहून मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तुम्हाला १५ ची मर्यादा लागू होते. महालक्ष्मी एक्सप्रेसने किंवा बसने मुंबईला जाणार असाल तर हा प्रश्न नाही.

हवा काढायच्या पिशव्या जागा वाचवतात, वजन नाही. त्यांच्यामुळे बॅग रिकामी वाटते आणि माणूस आणखी भरतो. घरी ताणकाट्यावर वजन करा आणि दीड-दोन किलो मोकळे ठेवा.

जड कपडे चाकांच्या बाजूला, इनर आणि मोजे बुटांच्या पोकळीत. कांदा-लसूण चटणी नेणार असाल तर ती दुहेरी पिशवीत, डब्यात आणि लोकरी कपड्यांपासून लांब. तेल लोकरीला लागलं तर तिथे निघत नाही आणि तो वास आगगाडीच्या गरम डब्यात सगळ्यांना येतो.

थांबा: सगळे गरम कपडे चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग मागे राहिली तर पहिला दिवस उघड्यावर जातो. हातातल्या पिशवीत प्रत्येकाचा एक इनर, फ्लीस, मोज्यांचा जोड, टोपी आणि हातमोजे हवेतच. दोन बॅगा असतील तर नवरा-बायकोचे कपडे अर्धे-अर्धे दोन्हींत वाटा.

१०. निघायचा दिवस

कोल्हापुरात तेव्हा ३७-३८ अंश असतील. अंगावर पातळ शर्ट, ट्रेकिंगची पँट आणि बूट. बूट बॅगेत टाकून चपलेत निघू नका. सगळ्यात जड वस्तू तीच. जर्किन हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा, फुगीर जाकीट गुंडाळून विमानात उशीला घ्या.

शेवटच्या विमानात उतरायच्या तासभर आधी शौचालयात जाऊन इनर आणि मोजे बदला. विमान उतरल्यावर ओळीत उभं राहून हे करता येत नाही. विमानतळाच्या दाराबाहेर पडायच्या आधी जर्किनची चेन लावा, टोपी आणि हातमोजे खिशात हाताशी ठेवा. आई-आजी आणि मुलांचं हे सगळं आधी उरका, आपलं नंतर.